गाळलेलं प्रकरण

६ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, यावरून विषय आईचा आहे हे तू ओळखलंच असशील. फोन तिच्या उशाशी, आणि तिला ऐकू कमी येतं ते फक्त आपण तिच्याशी बोलतो तेव्हा. तिच्याविषयी बोललं की भिंतीपलीकडचंसुद्धा स्पष्ट ऐकू येतं. तेव्हा हे पत्र तू गच्चीवर जाऊन वाच आणि दादाला दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव. तो वाचता वाचता झोपेल, आणि कागद आईच्या हाती लागेल.

माझी तब्येत बरी आहे, म्हणजे मान आणि पाठ सोडून बाकी सगळं जागच्या जागी आहे. नोकरी सुटली की लिहायला वेळच वेळ मिळेल असं वाटायचं. आता वेळ आहे, आणि लिहायला बसलं की मान धरते. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली त्याचं हे बक्षीस.

माझ्या पुस्तकावर मालिका होते आहे हे तुला माहीत आहेच. सुरुवातीला मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आता मात्र पुरे झालंय. गेला महिनाभर मी रोज त्यांच्या कचेरीत जाते. काचेची खोली, गार हवा, कागदी कपातला चहा आणि समोर चौघं जण. दिग्दर्शकांनी पुस्तक वाचलंय असं ते म्हणतात, पण त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. की नायिकेचे वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीनं, एकावर आई आणि एकावर मुलगी. दिवसभर दोघी पडदे आणि गणवेश शिवणार, तेव्हा कुठे घर चालणार. मुलीच्या हाताची काजं गावात प्रसिद्ध. आणि अशात मुलीला लांबच्या शहरातल्या छापखान्यातून नोकरीचं पत्र येतं. हे ऐकून दिग्दर्शक म्हणाले की वा, संघर्ष चांगला आहे. जणू काही मी आत्ताच सुचवला.

घोडं अडलंय ते घर सोडण्याच्या प्रसंगावर. पुस्तकात ती दोन पानं आहेत आणि त्यात कोणी एक शब्द बोलत नाही. मुलगी बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहते, आई तिच्याकडे पाठ करून पडदा शिवते आहे. मुलगी वाट बघते. मशीन थांबत नाही. मुलगी जाते. बस. यांनी काय केलंय बघ: मशीन थांबतं, आई उठते, धावत उंबऱ्यात येते, मुलीला मिठी मारते, स्वतःच्या गळ्यातली साखळी काढून तिच्या गळ्यात घालते आणि म्हणते की जा, माझे पंख तुला दिले. वहिनी, पंख! आपल्या आईनं कधी कोणाला सुईसुद्धा उसनी दिली नाही.

करार करताना मी एवढं एकच शहाणपण केलं होतं, की या प्रसंगात बदल करायचा तर माझी लेखी संमती लागेल. म्हणून ते रोज बोलावतात, गोड बोलतात. आईचं काम करणारी नटी लोकांची लाडकी आहे, तिला पाठमोरी बसवली तर लोक टीव्ही बंद करतील, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात पाठ चालते, पडद्यावर चेहरा लागतो, असंही एकदा म्हणाले. यात थोडं तथ्य आहे, म्हणून जास्त राग येतो.

तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी घर सोडलं त्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तुझं. मशीन थांबलं नव्हतं ना? मला स्वतःच्या आठवणीचा भरवसा होता, पण रोज चार माणसं उलटं सांगायला लागली की डोकं फिरतं. आणि दुसरं, आईला पुस्तकातलं काय काय ठाऊक आहे?

दादाला नमस्कार. माया आहेच, तिची शिवण उसवू देऊ नकोस.

तुझी,
वन्सं (तू अजून मला हेच म्हणतेस, म्हणून)

*

१५ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

पत्र गच्चीवर वाचलं. वाळत घातलेल्या चादरीमागे उभं राहून वाचताना शेजारणीनं पाहिलं आणि कोणाचं पत्र म्हणून डोळे मिचकावले. या वयात एवढी अब्रू मिळाली, तुमचे आभार.

इकडे सगळं रोजचंच. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं त्या करू देत नाहीत. एक डोळा तरी माझा मला राहू दे म्हणतात. सकाळ-दुपार-रात्र थेंब घालायचे, आणि दर वेळी मी चुकीच्या बाटलीतले घालते आहे असा त्यांचा संशय. तरी मशीनवर बसणं सुटलेलं नाही. दिसत नाही म्हणून हाताच्या अंदाजानं जुन्या कपड्यांची फडकी शिवतात. घरात आता माणसांपेक्षा फडकी जास्त झाली आहेत. तुमचे दादा एका फडक्यानं चष्मा पुसतात, दुसऱ्यानं पहिलं फडकं. मी दिवसभर यांच्या आणि त्यांच्या मागे जिने चढते उतरते, आणि संध्याकाळी गुडघे मला विचारतात की अजून कोण राहिलं का. असो. रडगाणं गात नाही, सवयीनं लिहिलं गेलं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही थांबलं. मी दुधाचं पातेलं हातात घेऊन उभी होते. तुम्ही उंबऱ्यात बराच वेळ होतात. त्यांनी मान वर केली नाही. तुम्ही लिहिलंय ते अक्षर न अक्षर खरं आहे.

दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे. पुस्तक आलं तेव्हा सासूबाईंनी मला रोज दुपारी वाचून दाखवायला लावलं. मोठ्या खुशीत ऐकायच्या. गिऱ्हाइकांच्या नकला आल्या की हसून हसून त्यांना ठसका लागायचा. तुम्ही लिहिलंय ना, की खालच्या दोऱ्याची बॉबिन रिकामी झाली की मशीनचा आवाज हलका होतो, आणि तो आईला स्वयंपाकघरातून कळायचा, ती तिथूनच ओरडायची की पोरी, हवा शिवते आहेस. ते त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि वर म्हणाल्या, अजूनही कळतो. मग ते प्रकरण आलं. आदल्या दिवशी मी ते एकटीनं वाचून ठेवलं होतं. वाचून दाखवायला बसले आणि हात धजेना. सगळी पानं एकदम उलटली. त्या चमकल्या, म्हणाल्या की आत्ता तर घरात होती, एकदम छापखान्यात कशी पोचली? मी म्हटलं, हल्लीच्या कादंबऱ्या अशाच असतात. त्या म्हणाल्या, बरं, पुढचं वाच.

म्हणजे ते प्रकरण त्यांनी ऐकलेलंच नाही, वन्सं. आणि टीव्हीची पानं मला उलटता यायची नाहीत. मालिका त्या बघणारच. आत्तापासून जाहिराती बघून शेजारपाजारी सांगून झालंय की ती माझी गोष्ट आहे.

तेव्हा लहान तोंडी मोठा घास घेते. त्या लोकांना काय करायचं ते करू द्या. मिठी मारू देत, साखळी घालू देत, पंखसुद्धा लावू देत. या वयात सासूबाईंना स्वतःला दगडासारखं बसलेलं बघायला लागू नये. तुम्ही एक सही करायची, एवढंच.

तब्येतीला जपा. मानेला गरम पाण्याची पिशवी घ्या. आठवण ठेवा, आणि ती अधूनमधून कागदावर उतरवत जा.

आपली,
वहिनी

*

२६ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू प्रकरण गाळलंस हे वाचून आधी हसले आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

वहिनी, ही सही मी करणार नाही. रागावू नकोस, सांगते ते ऐक. मी पुष्कळ लिहिलं, त्यातलं बरंचसं आज वाचवत नाही मला. पण ती दोन पानं खरी आहेत. लोक मला भेटले की त्याच दोन पानांविषयी बोलतात. एकदा एक अनोळखी बाई रस्त्यात हात धरून म्हणाली की माझ्याही आईनं मान वर केली नव्हती. तिला मी आता काय सांगू, की नाही हो, चुकलं, आईनं साखळी दिली होती?

आणि आणखी एक आहे, जे पुस्तकात मी लिहिलं नाही. तुला लिहिते. मी जायला निघाले होते खरी, पण माझे पाय जात नव्हते. आत बाबा खोकत होते. माझ्या मशीनवर अर्धे शिवलेले गणवेश पडले होते. मला वाटत होतं की आईनं एकदा, फक्त एकदा मान वर करून बघावं. तिनं बघितलं असतं तर मी बॅग खाली ठेवली असती. जन्मात पुन्हा उचलली नसती. तिला हे कळत नव्हतं असं नाही, तिला माझ्या शिवणीवरून माझा मूड कळायचा. तरी तिनं बघितलं नाही. राहायला सांगायला नको आणि जायला सांगायला नको, इतकीही किंमत नव्हती का माझी? नंतर मी येत राहिले, ती जेवायला वाढत राहिली, बाबा गेले तेव्हा आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो, पण हे एक कधी विचारता आलं नाही. म्हणून लिहिलं. विचारता आलं असतं तर कदाचित ते पुस्तकच झालं नसतं.

ते लोक म्हणतात की प्रेक्षकांना काही कळणार नाही. मी म्हणते, कळू नये म्हणूनच तर तो प्रसंग आहे. पुस्तकात ती पाठ वाचणाऱ्याच्या समोर राहते, आणि जो तो तिच्या पलीकडे आपापल्या आईचा चेहरा लावतो. एकदा का चेहरा दाखवला, वर संगीत वाजवलं, की लोक डोळे पुसणार आणि चहा टाकायला उठणार.

आईला वाईट वाटेल हे तुझं म्हणणं मला पटतं. पण मलाही तेव्हा वाटलं होतं, आणि ते बुजवायला कोणी मालिका काढली नव्हती.

चिडून लिहिलं गेलं. तुझ्यावर नाही. मान खूप दुखते आहे.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

वन्सं

*

४ डिसेंबर

प्रिय वन्सं,
नमस्कार.

पत्र पोचलं. थोडक्यात लिहिते, कारण सासूबाईंना ताप आहे आणि तुमच्या दादांना औषधाची बाटली सापडत नाही. ती त्यांच्या हातात आहे.

तुमचं सगळं बरोबर आहे. मी शिकलेली कमी, तुमच्याशी वाद घालायची माझी ताकद नाही आणि आता हौसही नाही. फक्त एवढंच म्हणते: खरं तुम्ही लिहिता आणि गाडीत बसून जाता. त्याच्याबरोबर राहायचं मला असतं. तो भाग लागेल त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी मी बसलेली असेन, तुम्ही नाही. दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या नाहीत तर ताट परत मी नेणार. त्यांनी मला विचारलं की मी खरंच अशी होते का, तर उत्तर मी द्यायचं. आणि वन्सं, मी थकले आहे हो. मला त्यांच्यासाठी मऊ आई हवी आहे, ते खरंच; पण थोडी माझ्यासाठीही हवी आहे. एक संध्याकाळ तरी या घरात बिनघोर जावी.

पटलं तर बघा. नाही पटलं तरी माझा राग नाही.

जीव लावलात तसाच ठेवा.

वहिनी

*

२१ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

ताप उतरला हे फोनवर कळलं. आई म्हणाली की तू तिला उगाच अंथरुणात कोंबून ठेवलं होतंस. म्हणजे बरी आहे.

काल सही केली.

तुझं पत्र बरेच दिवस टेबलावर होतं. उत्तरात काय लिहायचं ते पाच-सहा वेळा ठरवलं आणि प्रत्येक वेळी तुझं म्हणणं वरचढ ठरलं. काल सकाळी काचेच्या खोलीत गेले, कागद मागितला, सही केली. दिग्दर्शकांनी उठून हात मिळवला. संवाद लिहिणारी मुलगी मात्र खाली बघत होती. जाताना जिन्यात मला गाठून हळूच म्हणाली की मला पुस्तकातलंच आवडलं होतं. मी तिला म्हटलं की मलाही. एवढंच आमचं बोलणं.

तिथून निघून बागेत बाकावर बसले. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नुसता थकवा आला. जिंकणंही नाही, हरणंही नाही. लांबलेलं काम एकदाचं हातावेगळं केल्यासारखं. फक्त एक विचार सारखा येतो. माझ्या डोळ्यांसमोर जी पाठ इतकी वर्षं आहे, तिच्या जागी आता सगळ्यांना ती साखळीवाली बाई दिसणार. जे एक मला आईकडून मिळालं होतं, म्हणजे ते न बघणं, तेही आता हातचं गेलं.

असो. तुझी संध्याकाळ बिनघोर जावी म्हणून सही केली, तेव्हा ती तशी घालव. दादाला टीव्हीसमोरून उठवून आईची खुर्ची पुढे घे, तिला लांबून दिसत नाही. मालिका जानेवारीत सुरू होईल, तो भाग फेब्रुवारीच्या मध्यावर येईल असं म्हणतात. मी बघणार नाही.

तू थकलीस म्हणून लिहिलंस, बरं केलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लिहिलंस. तुला कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते कोणीतरी मीच होते. माझ्याकडे येऊन आठ दिवस नुसती झोप.

प्रेम आहेच, ते तुझ्या गुडघ्यांपेक्षा टिको.

वन्सं

*

१८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

सोबत दुसरा कागद आहे, तो सासूबाईंचा. तो नंतर वाचा. आधी माझं वाचा, नाहीतर काही कळायचं नाही.

मालिका त्यांनी पहिल्या दिवसापासून नेमानं पाहिली. खुर्ची टीव्हीला इतकी चिकटवली होती की आम्हाला मागून फक्त त्यांचा अंबाडा दिसायचा. ती बाई पडद्यावर आली त्या दिवशी मला विचारलं की ही मीच ना. मी हो म्हटलं. बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, बरी दिसते. पण तिच्या शिवणकामावर मात्र रोज तोंडसुख. चाक उलटं फिरवते, कापड ओढते, कात्री अशी धरते जशी काही भाजी चिरायची आहे. या बाईनं शिवलेले पडदे पहिल्या धुण्यात गळ्यात येतील, म्हणाल्या. तुमचे दादा झोपेतून हसले.

काल तो भाग होता. वरच्या मजल्यावरच्या काकूही बघायला आल्या होत्या, रुमाल घेऊनच. मी चहा केला, बिस्किटं ठेवली, मनात म्हटलं, आज निश्चिंत. मुलगी बॅग घेऊन उंबऱ्यात आली. सासूबाई अगदी ताठ झाल्या. मशीन चालू होतं. मग संगीत सुरू झालं, मशीन थांबलं, बाई उठली, धावली, मिठी, साखळी, पंख, सगळं झालं. काकू हुंदके द्यायला लागल्या. मीही डोळे पुसले, उगाच का नाही म्हणू.

सासूबाईंनी मागे वळून मला विचारलं की ही का उठली?

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं की आई आहे, पोर चालली आहे, म्हणून उठली. त्यांनी टीव्ही बंद करायला लावला. काकूंना तुटकपणे सांगितलं की आता उद्या या. इतकं चिडलेलं मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणाल्या की आता सगळ्या जगानं मला उठताना पाहिलं. मग विचारलं, पुस्तकात पण उठते का?

मी सांगून टाकलं की ते प्रकरण मी गाळलं होतं. त्या म्हणाल्या की ते मला तेव्हाच कळलंय. एवढी कामाची पोर घरातून गेली आणि जायचं पानच नाही, असं कुठं असतं होय? पुस्तकात आपल्याविषयी वाईट लिहिलं असेल म्हणून मी ते गाळलं, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. मी सांगितलं की वाईट काही नाही. तुम्ही पाठमोऱ्या बसून शिवता आहात आणि मशीन थांबत नाही, एवढंच लिहिलंय.

ते ऐकून त्या खुर्चीत मागे टेकल्या. चेहरा एकदम सैल पडला. म्हणाल्या, मग बरोबर आहे, पोरीनं नीट पाहिलंय. थोड्या वेळानं मला कागद आणायला सांगितला.

वन्सं, मी तुम्हाला सही करायला लावली. आपण दोघींनी मिळून त्यांना ज्यापासून वाचवलं, तेच त्यांना हवं होतं. माझं चुकलं असं लिहीत नाही, कारण मी तेव्हाही त्यांच्याच भल्याचं बघत होते. पण काल त्या बोलत होत्या आणि मी लिहून घेत होते तेव्हा माझा हात दोनदा थांबला.

दुसऱ्या कागदात त्यांनी पडद्याच्या पट्टीचं सांगितलंय, ते खरं आहे. तुम्ही गेल्यावर मी तो पडदा घडी करायला उचलला तर दोन्ही तुकडे माझ्या हातात वेगळे झाले. मला वाटलं, संतापानं झालं असेल. आजवर तसंच वाटत होतं.

बाकी सगळं ठीक. गुडघे आहेत तसेच. आता इथेच थांबते, तुमची वाट बघते.

वहिनी

*

१७ फेब्रुवारी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझी वहिनी लिहिते आहे, मी सांगते आहे. मी सांगते तसंच लिही म्हणून तिला बजावलंय, ती गोड करून लिहिते.

टीव्हीतली ती बाई मी नव्हे. मी उठले नव्हते. हे तू सगळ्यांना सांग. त्या लोकांनी विचारायला पाहिजे होतं, मी अजून जिवंत आहे.

तू दारात उभी होतीस ते मला माहीत होतं. तुझ्या उजव्या चपलेचा पट्टा सुटला होता, तो जमिनीवर आपटत होता. तू निघत नव्हतीस. मला कळत होतं की मी बघितलं तर तू बॅग खाली ठेवणार. तू तशीच आहेस, लहानपणापासून. माझं तोंड बघितलं की तुझा निश्चय मोडतो. आणि माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं नव्हतं. तुझे वडील आत पडलेले, गणवेश द्यायचे राहिलेले, माझे हात एकटीचे. तू राहावीस असंच मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू? फार वाटत होतं. मान वर केली असती तर ते सगळं तुला दिसलं असतं, आणि तू राहिली असतीस, आणि आजपर्यंत त्या खोलीत काजं करत बसली असतीस. तुझ्या हाताची काजं फार सुंदर होती, त्याचीच मला भीती होती. म्हणून बघितलं नाही. जा म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्यातून थांब निघालं असतं, म्हणून बोललेही नाही.

बॉबिन कधी संपली ते मला कळलं नाही. मला! पडद्याची अख्खी पट्टी मी हवेनं शिवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवायला लागली, गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची लाज वाटली.

तुला वाटलं असेल की आई दगड आहे. वाटू दे, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. राग धरून गेलेलं माणूस मागे वळत नाही. रागाची तेवढी पुंजी मी तुला बांधून दिली होती. त्या बाईनं साखळी दिली.

आता थकले. पाठ दुखते. मशीनवर बसते पण पाय लवकर दमतात. ते गाळलेलं प्रकरण मला ऐकायचं आहे. वहिनी वाचते म्हणाली, मी नको म्हटलं. जिनं लिहिलंय तिनंच येऊन वाचावं.

जेवत जा. मानेखाली उशी घेऊ नकोस.

तुझी आई

*

२५ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दोन्ही कागद मिळाले. आईला उत्तर लिहायला बसले होते. जन्मभर तेच काम केलं, पण एक ओळ पुढे जाईना. म्हणून तुला लिहिते. हे तिला वाचून दाखव, आणि या वेळी काही गाळू नकोस.

तू सही करायला लावलीस त्याचा विचारही मनात आणू नकोस. पुस्तकातली ती दोन पानं खरी आहेत असं मी तुला ठणकावून लिहिलं होतं. खरी आहेतच, पण मी दारातून लिहिली होती, मशीनकडून कोणी लिहिलंच नव्हतं. काल मालिकावाल्यांचा फोन होता की त्या भागाला सगळ्यात जास्त प्रेक्षक मिळाले. मी अभिनंदन म्हटलं आणि फोन ठेवला. आता त्यांच्याशी भांडायला माझ्याकडे वेळ नाही.

मी येत्या शुक्रवारी निघते. संध्याकाळी पोचेन. दादाला स्टेशनवर पाठवू नकोस, तो मला न ओळखता दुसऱ्याच कोणाला घेऊन येईल. पुस्तक बरोबर आणते. परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुझ्या गुडघ्यांना सांग, डोळ्यांचे थेंब आणि जिने काही दिवस माझ्याकडे.

आई मशीनवर बसलेली असेल तर तिला उठवू नकोस. शिवत असू दे. बॉबिन तेवढी भरून ठेव. आणि तिला एकच सांग, मी बॅग घेऊन दारात उभी राहिले की या वेळी मान वर कर. आता मी थांबले तरी चालणार आहे.

बाकी भेटीत. आहे ती माया तशीच असू दे.

तुझी,
वन्सं